मोज्याची टाच

मराठीतलं 'विणणे' हे क्रियापद मोठं सोशिक आहे. मागावर लुगडं काढणारा विणकर विणतो, खाटेला सुंभ भरणारा विणतो, सुगरण घरटं विणते, कोळी जाळं विणतो आणि दोन सुया, एक लोकरीचा गुंडा घेऊन उन्हात बसलेली आजीसुद्धा विणतेच! वास्तविक मागावरचं काम आणि सुयांवरचं काम यांत काडीचं साम्य नाही. मागाला उभे धागे लागतात, आडवे लागतात, खोलीभर जागा लागते. सुयांवर सगळा कारभार एकाच धाग्याचा. तो स्वतःच्याच फासातून स्वतःला ओढून घेत पुढे सरकतो, आणि शेवटचं टोक धरून ओढलं की सगळं पुन्हा धागा होऊन हातात येतं. इतक्या वेगळ्या कामाला आपण वेगळा शब्द केला नाही. मला वाटतं, हे काम आपल्या घरांत शिरलं तेव्हा ते इतकं लहान आणि निरुपद्रवी दिसलं की त्याला नाव द्यायची कुणाला गरजच भासली नाही.

या निरुपद्रवी दिसण्याबद्दलच आज लिहायचं आहे. इतिहास म्हटलं की आमच्या नगरकरांना चांदबिबी आणि भुईकोट किल्ला आठवतो. छत्तीस वर्षं मीही वर्गात तोच शिकवला. पण पायमोज्यालाही इतिहास असतो, आणि त्याचा एक धागा आमच्या नगरमधून जातो.

'मोजा' हा शब्द फारसीतला. तिकडे त्याचा मूळ अर्थ कातडी बूट. आपल्याकडे येता येता बुटाचं कातडं गळालं आणि आतलं मऊ तेवढं राहिलं. मोल्सवर्थसाहेबांच्या १८५७ च्या कोशात तो शब्द आहे, म्हणजे वस्तू माहीत होती. पण रानात राबणाऱ्या पायाला वहाण मिळाली तरी पुष्कळ होतं, मोजे कुठले!

गंमत अशी की लोकरीला आमच्या जिल्ह्यात कधीच तोटा नव्हता. जामखेड, कर्जत, पारनेरचे माळ मेंढरांचेच. मेंढरांमागे चालता चालता टकळीवर लोकर कातणारा धनगर माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. २०२४ पासून ज्यांचं नाव जिल्ह्याला मिळालं, त्या अहिल्याबाई १७२५ मध्ये जामखेड तालुक्यातल्या चोंडी गावी अशाच धनगराच्या घरात जन्मल्या. पण या लोकरीचं होतं घोंगडं. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. परदेशी मेरिनो मेंढीच्या केसापेक्षा हिचा केस साधारण दुप्पट जाड. घोंगडं पाऊस अडवतं, काटे अडवतं, अंथरायला-पांघरायला-डोक्यावर खोळ करायला चालतं. मोजा मात्र त्याचा होत नाही, पाय सोलून निघेल! म्हणजे लोकर आमची आणि थंडीही आमची (नगरचा पारा हिवाळ्यात कित्येक रात्री दहाच्या खाली उतरतो), पण मोज्याची मऊ लोकर मात्र गिरणीतून यायची, ती दुरून. कानपूर, धारीवाल इथल्या लोकरीच्या गिरण्या एकोणिसाव्या शतकातल्या. ठाण्याची रेमंड १९२५ ची.

सुयांवरचं विणकाम मुळात आपलं नव्हे. इजिप्तमध्ये सापडलेली लाल लोकरीच्या मोज्यांची एक जोडी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ती सुमारे दीड हजार वर्षांहून जुनी. ती एकाच सुईने, गाठींसारख्या वेगळ्या पद्धतीने केलेली आहे. तिचा अंगठा निराळा, चपलेचा पट्टा मधून जावा म्हणून! आपल्या बायका थंडीत चपलेवर जे अंगठ्याचे मोजे घालतात आणि ज्यांना नव्या मुली हसतात, त्यांची वंशावळ ही अशी थोर आहे. दोन सुयांचं खरं विणकाम त्यानंतरचं, तेही आधी इजिप्त-अरबांकडचं आणि बरंचसं सुती. तिथून ते युरोपात गेलं. युरोपात सोळाव्या शतकात मोजे विणणाऱ्यांचे संघ होते ते पुरुषांचे. १५८९ मध्ये विल्यम ली नावाच्या इंग्रजाने मोजे विणायचं यंत्र केलं, तेव्हा हातविणीवर पोट भरणाऱ्यांचं काय होईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला परवाना नाकारला असं सांगतात. यंत्र थांबलं नाहीच. पुरुष यंत्राकडे गेले आणि सुया हळूहळू बायकांच्या हातात राहिल्या. हे नेहमीचंच आहे.

त्या सुया महाराष्ट्रात आल्या त्या मुख्यतः मडमांबरोबर आणि मिशनच्या शाळांबरोबर.

अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं १८३१ मध्ये. मिस सिंथिया फॅरार ही अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली, १८३९ मध्ये नगरला आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. तेवीस वर्षं मुलींच्या शाळा चालवल्या बाईंनी, आमच्या या गावात! जोतीराव फुल्यांनी तिची शाळा नगरला येऊन पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिच्याकडे घेतल्याचं आपण सगळेच वाचत आलो आहोत. मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचन, लेखन, गणित यांच्या जोडीला सुईदोऱ्याचं काम असे. आजच्या वाचकाला वाटेल, हे काय, मुलींना पुन्हा शिवणटिपणच? पण त्या काळच्या बापाच्या जागी उभं राहून पाहा. अक्षर शिकलेली मुलगी विधवा होते, असं मानणारा तो काळ. पुस्तक घेऊन बसलेल्या मुलीची भीती वाटे, शिवण घेऊन बसलेल्या मुलीची वाटत नसे. सुई ही पाटीची सोबतीण म्हणून आली आणि तिने पाटीला आत घेतलं, असं मला वाटतं.

ही सोबतीण पुढे उलटीही वापरली गेली. पुण्यात १८८४ मध्ये मुलींचं हायस्कूल निघालं, तेच हुजूरपागा. १८८७ मध्ये टिळकांच्या 'मराठा' पत्राने तिथल्या अभ्यासक्रमावर झोड उठवली. इंग्रजी वगैरे कशाला, मुलींना देशी भाषा, नीती आणि सुईकाम पुरे, शाळेचे तासही कमी करावेत, म्हणजे घरकामाला खोळंबा नको, असा त्यांचा रोख होता. लोकमान्यांबद्दल मला पुरेपूर आदर आहे. पण या बाबतीत त्यांचं चुकलं असं मी वर्गातही सांगत असे. मात्र एक पाहा. नगरच्या मिशनच्या मडमा आणि पुण्याचे सनातनी, ज्यांचं एकमेकांशी एका गोष्टीत पटणं शक्य नव्हतं, ते सुईवर एकमत झाले! दोघांनाही ती बिनधोक वाटली.

हातात सुई चालत होती, पण पायात मोजा चालत नव्हता, हेही तेव्हाचंच. आनंदीबाई जोशी अमेरिकेला जाण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरला बोलल्या. (हे बंगालमधलं श्रीरामपूर, आमच्या जिल्ह्यातलं नव्हे.) मुंबईत शाळेत जाताना लोक कसे हसत, खडे कसे मारत, हे त्यांनी त्या भाषणात सांगितलं. बूट-मोजे घातलेली ब्राह्मणाची बाई म्हणजे कलियुगाची खूण, अशी ती चेष्टा होती. दुसऱ्यासाठी मोजा विणणारी बाई सुशील आणि स्वतः मोजा घालणारी बाई बिघडलेली! एवढीशी वस्तू, पण कुणाच्या हातात आणि कुणाच्या पायात, यावर सगळं ठरत होतं.

पुढे रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्याला सेवासदन काढलं. तिथे शिक्षणाच्या वर्गांबरोबर हातकामाचे, उद्योगाचे वर्ग होते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातही उद्योगावर भर होता. (नगरच्या वेशीवरही एक केडगाव आहे, रमाबाईंचं ते दौंडकडचं.) निराधार बाईला चार पैसे मिळवून देणारं काम म्हणजे शिवण, भरतकाम, विणकाम. तोवर जे शोभेचं किंवा सुशीलपणाचं होतं ते पोटाचं झालं. हा बदल लहान नव्हता.

या मोठ्या माणसांपाठीमागे घराघरांतल्या ज्या बायका होत्या, त्यांच्याबद्दल कोशांत, चरित्रांत काही सापडत नाही. म्हणून माझ्या आत्याबद्दल सांगते. ती चौथी झाली आणि शाळेतून काढली. चौदाव्या वर्षी लग्न, अठरा माणसांचं एकत्र घर. पहाटेपासून रात्रीपर्यंत तिला बसलेली कुणी पाहिली असेल तर जेवताना, तेही सगळ्यांच्या मागून. पण दुपारी भांडी पालथी पडली की ती ओसरीच्या उन्हात सुया घेऊन बसे. त्या वेळी तिला कुणी हाक मारत नसे, कारण ती 'काम' करत होती ना! नुसती बसली असती तर सासूबाईंनी निवडायला तांदूळ दिले असते. पुस्तक घेऊन बसली असती तर नणंदा हसल्या असत्या. सुयांना कुणाची हरकत नव्हती. दिवसातला तो पाऊण तास तिने एका लोकरीच्या गुंड्याच्या आडून मिळवला होता.

आम्हा पोरांना ती लडी धरायला बसवी. दोन्ही हात पुढे करून ताठ बसायचं, हातांवर लडी अडकवायची आणि ती गुंडा करत जायची. हात खाली आला की लोकर गुंतलीच. ती बोलायची तेव्हाच. माहेरच्या, दुष्काळाच्या, तिच्या गेलेल्या पहिल्या मुलाच्या गोष्टी मी लडी धरूनच ऐकल्या. एरवी तिचा आवाज घरात ऐकू येत नसे.

मोजा ती चार सुयांवर करायची. तीन सुयांवर टाके, चौथी फिरती. मोठ्या माणसाला साठ टाके, वीस-वीस-वीस. आधी दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी, म्हणजे मोजा पोटरीला धरून राहतो. मग सरळ गोल विणत घोट्यापर्यंत यायचं. इथवर कुणालाही जमतं. खरी परीक्षा टाचेची. निम्मे टाके बाजूला ठेवायचे, उरलेल्या तिसांवर मागे-पुढे करत चौकोनी पट्टी विणायची, मग मधल्या टाक्यांवर अर्ध्यातूनच परत फिरायचं, दर वेळी दोन टाके एकत्र करत. आणि बघता बघता सपाट पट्टीला कोपरा फुटतो, वाटी तयार होते! मग पट्टीच्या कडांवरून टाके उचलायचे, पुन्हा गोल, आणि वाढलेले टाके हळूहळू कमी करत साठावर यायचं. मी भूमिती शिकले त्याच्या कितीतरी आधी आत्याने मला साठाचे भाग आणि अर्ध्याचा अर्धा सुयांवर दाखवला होता. तिला मासिकातला विणकामाचा नमुना वाचता येत नसे, त्यातली आकडेमोड आणि ती तुटक भाषा तिला परकी. पण कुणाच्याही पायातला मोजा हातात घेऊन दोन मिनिटं उलटसुलट पाहिला की तिला तो पाठ होई. याला साक्षरता म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आणखी एक होतं. स्वयंपाक केला, संपला. भांडी घासली, पुन्हा पडली. बाईच्या दिवसातलं कुठलंच काम पुरं होत नाही, उद्या ते तसंच्या तसं समोर येतं. मोजा पुरा होतो. स्वेटरला दोन-दोन महिने लागतात, मध्ये मन उडतं; मोजा, टोपडं, हातमोजा आठवड्यात हातावेगळा होतो आणि कुणाच्या तरी अंगावर वर्षभर दिसत राहतो. लहान कामाचं सुख ते हेच. थोरल्या जावेने मला एकदा विचारलं होतं, शिक्षिकेला कशाला हवेत हे उद्योग? वह्या तपासणारीला तर ते जास्तच हवेत, असं माझं उत्तर होतं.

या लहान कामाचं एकदम मोठं काम झालं ते १९६२ मध्ये. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला सुरू झाला. आपले जवान थागला रिजच्या पायथ्याशी सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नाही. ब्रिगेडियर जॉन दळवींचं पुस्तक १९६९ मध्ये आलं तेव्हा सगळ्यांना कळलं. पण थंडीत जवानांना लोकरीचे कपडे हवेत एवढं देशभर पोचलं आणि घराघरांत सुया निघाल्या. यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले, सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला असं जो तो म्हणू लागला. धावला तो लोकरीचे गुंडे घेऊनही! शाळेत आम्हा मुलींना हिरवट-खाकी लोकर मिळाली. आम्हाला मफलर, कारण ती सरळ पट्टी. मोजे मात्र मोठ्या बायकांकडेच. 'याची शिवण बोटाला लागली तर फोड येईल आणि फोड आलेला शिपाई चालेल कसा?' असं आत्याचं म्हणणं. ते शब्दशः खरं होतं. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या ओलीने, गारठ्याने हजारो सैनिकांचे पाय सडले; त्यावरचा मुख्य उपाय म्हणजे पाय कोरडे करून मोजे बदलत राहणं. बोटांपाशी शिवण न येऊ देता टाके जुळवायच्या पद्धतीला इंग्रजीत किचनरचं नाव आहे. हा किचनर १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचा सरसेनापती होता. त्याने स्वतः सुई धरली असेल यावर माझा तरी विश्वास नाही. कुणा बाईने शोधलं असेल, नाव साहेबाचं लागलं.

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका कुणाच्या तरी नवऱ्यासाठी, मुलासाठी नव्हे, तर ज्याचं नावही माहीत नाही अशा पायासाठी विणत होत्या. आत्याने सात जोड्या केल्या. घराबाहेरच्या जगासाठी तिने आयुष्यात जे केलं ते एवढंच, आणि ते तिला ओसरीवरून करता आलं.

नगर हे लष्कराचं गाव. रणगाडा दलाचं केंद्र आणि शाळा १९४८ पासून इथे आहे. त्यामुळे पंजाब-हिमाचलकडच्या बायका कायम इथे आल्या-गेल्या. भिंगार कॅम्पाकडे हिवाळ्यात त्या उन्हात घोळक्याने बसत. तोंड एकीकडे, हात एकीकडे, सुयांकडे नजरही नाही! आमच्या बायकांनी जाळीचे, वेणीचे नमुने त्यांच्याकडून उचलले. भाषा येत नसली तरी टाके येत होते.

शाळेतलं काय झालं? १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीम आली, तिच्यातून मूलोद्योग आला. आमच्या लहानपणी मुलगे आणि मुली दोघंही टकळी फिरवत. कोठारी आयोगानंतर त्याचा 'कार्यानुभव' झाला. कल्पना उत्तम, व्यवहारात तो गणिताच्या जादा तासाला द्यायचा तास झाला, आणि मुलींना विणकाम, मुलांना सुतारकाम अशी वाटणीही झाली. मी शिकवत असताना एका वर्षी मुलांनाही सुया दिल्या होत्या. पहिले दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवसापासून टाके मोजू लागले. वर्गातला सर्वांत दांडगट मुलगा सर्वांत घट्ट विणायचा, सुईवरून टाका सरकेना! पालकांपैकी दोघांनी येऊन विचारलं की याचा दहावीला काय उपयोग. नसतो, हे मी कबूल केलं.

आता बाजारात शंभर रुपयांना तीन जोड्या मोजे मिळतात. लुधियानाचा माल घेऊन हिवाळ्यात शहरोशहरी तिबेटी स्वेटरवाले बसतात. हाताने विणलेल्या जोडीला नुसती लोकरच त्याहून महाग पडते, मजुरी धरायचीच नाही. म्हणजे हिशेबाच्या बाजूने हा विषय संपलेला आहे. तरी सावेडीत आमच्या कॉलनीत आम्ही पाच-सहा जणी हिवाळ्यात गच्चीवर विणत बसतो, आणि गेल्या दोन वर्षांत आमच्यात एक संगणकवाली मुलगीही येऊ लागली. ती मोबाईलवर पाहून शिकली. तिला टाचेचं इंग्रजी नाव माहीत, हात मात्र अडखळतो. मला नाव माहीत नव्हतं, हात माहीत होता. आमचं बरं जमतं.

आमचं काम सध्या एकच, कमी दिवसांच्या बाळांची टोपडी आणि मोजे. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉक्टरांना काचपेट्या पुरेनात, तेव्हा त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीशीच बांधून ठेवायला सुरुवात केली. बाळाच्या अंगावर तीनच गोष्टी: लंगोट, टोपडं आणि मोजे. बाकी ऊब आईची. आता आपल्याकडच्या रुग्णालयांतही ही पद्धत आहे. एवढ्याशा बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, ऊब तिथूनच जास्त निसटते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं जे काम केलं, त्यातही बाळाला उबेत ठेवणं हा एक महत्त्वाचा भाग होता. आपल्या जुन्या बायका कुंचीशिवाय बाळ बाहेर काढत नसत ते उगीच नव्हे. मूल जन्मायच्या आधी त्याचं नवं काही करू नये म्हणतात, म्हणून पूर्वी टोपडी लपवून विणली जात. ही मात्र उघड्यावर विणता येतात, कारण ज्याच्यासाठी विणायचं ते आधीच येऊन वाट पाहत असतं.

या मोज्यांना अठ्ठावीस टाके पुरतात. लांबी माझ्या करंगळीपेक्षा थोडी जास्त. टाच मात्र करत नाही. दीड किलोच्या बाळाची टाच हरभऱ्याएवढी, आणि ते आठवड्या-आठवड्याला वाढतं. टाच केली तर चार दिवसांत ती भलत्या जागी येते. म्हणून सरळ नळी विणायची, वर दोन सुलट दोन उलट, खाली टाके गोळा करून आवळायचे. संगणकवालीचा हिरमोड झाला, तिला टाच शिकायची होती. तिला मोठ्या मोज्याची लोकर वेगळी आणून दिली आहे.